दुधावाचूनचा गारवा

मे महिन्यात आमच्या अष्टमीला, कुंडलिका नदीच्या काठी रोह्यासमोर असलेल्या या गावात, फळं भरपूर असतात, वेळ मात्र थोडा असतो. एकाच पंधरवड्यात परसातला हापूस उतरतो, फणसाचा वास घरभर पसरतो, डोंगरातून करवंदं येतात आणि ती संपता संपता जांभळं सुरू होतात. वळवाची एक सर पडली की सगळं बदलतं. आंब्यात अळी धरते, करवंद पाणचट होतं, जांभळांचा सडा गाड्यांखाली चिरडून रस्ता जांभळा होतो. म्हणून आमच्याकडच्या बायका मे महिनाभर साठवणीच्या मागे असतात. आंब्याची साठं, फणसाची पोळी, कोकमाचं आगळ, कैरीची फोड मिठात. उन्हानं आणि मिठानं टिकवायचं, ही इथली जुनी रीत. गारव्यानं टिकवायचं, ही फ्रीज घरात आल्यावरची. या नव्या रीतीत मी गेली काही वर्षं मन लावून रमले आहे, आणि तेही दुधाचा एक थेंब न वापरता.

याला कारण माझी पुतणी, धाकट्या जावेची मुलगी. तिला दूध पचत नाही. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज नावाचं विकर लहान आतड्यात तयार होतं. तान्हेपणी ते भरपूर असतं, पुढे पुष्कळ माणसांत कमी होत जातं. न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात गेलं की तिथले जिवाणू त्यावर जगतात, पोट फुगतं, कळा येतात. आपल्या देशात वायव्येकडे दूध पचवणारी माणसं जास्त आणि दक्षिणेकडे, पूर्वेकडे कमी. म्हणजे यात रोग असा काही नाही. जगातल्या बहुसंख्य मोठ्या माणसांची पोटं अशीच आहेत. पण लग्नाच्या पंगतीत हे कुणाला समजावणार? जेवणं झाली की आइस्क्रीमचे कप फिरतात. वाढणारा पोहोचण्याआधीच ही पोर म्हणते, "मला नको." मग कुणीतरी मावशी, कुणीतरी आजी आग्रह करते, "अगं, एवढ्याशानं काय होतंय? खा गं थोडं." तो आग्रह मायेचाच असतो. तरी पुढ्यात येण्याआधीच नको म्हणायची सवय आठ-नऊ वर्षांच्या मुलीला लागावी, याचं मला वाईट वाटत राहिलं.

तोड सुचवली सासूबाईंनी. विळीवर बसून त्या नारळ खवत होत्या. मी म्हटलं, "आई, हिच्यासाठी दुधाशिवाय काही गार करता येईल का हो?" त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "नारळ आहे ना घरात? मग दूध कशाला लागतंय?"

त्यांच्या बोलण्यामागे सगळ्या कोकणाचं स्वयंपाकघर होतं. आमची गावठी गाय अंगानं लहान, डोंगर चढणारी, चार महिन्यांच्या पावसात तग धरणारी. भाताच्या पेंढ्यावर आणि रानातल्या चाऱ्यावर तिनं दूध द्यायचं तरी किती? वासराला पाजून चहापुरतं उरलं तरी पुष्कळ. बासुंदी, पेढे, श्रीखंड हा घाटावरचा थाट. कोकणानं आपलं गोड नारळावर उभं केलं. गौरी-गणपतीत घावन आणि घाटलं, पातोळ्या, मोदकाचं सारण, नारळाच्या रसातल्या शेवया. मोदकावर तुपाची धार लागते हे खरं, पण ती वरून. आतला जीव नारळाचाच.

आणि हे एका जातीपुरतं किंवा धर्मापुरतं नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कोकणी मुसलमानांच्या घरात सांदण होतं, त्यात तांदूळ आणि नारळाचं दूध. बेने इस्रायली ज्यूंची कहाणी तर थेट आमच्या गावापर्यंत येते. या किनाऱ्यावरच्या गावांवरूनच त्यांची आडनावं पडली: रोहेकर, पेणकर, चेऊलकर, किहीमकर आणि अष्टमकरसुद्धा. ही माणसं तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. ज्यू धर्मनियमात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. सणाला मटण रांधलं की त्यामागून येणाऱ्या गोडात दूध घालता येत नाही. दुसऱ्या मुलखातल्या ज्यू बायकांना याचा केवढा विचार करावा लागला असेल! इथे नारळ दारातच होता. नववर्षाचा चिकाचा हलवा त्या गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवून करत आल्या. एलियाहू हानबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावानं जो मलिदा होतो, त्यात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि जोडीला फळं. माझं माहेर पेणचं, पोह्यांचं गाव. हा मलिदा माझ्या आजीच्या दडप्या पोह्यांच्या किती जवळचा आहे, हे वाचून मला आतून भरून आलं होतं. 1948 नंतर त्यातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, पण चिकाचा हलवा तिकडेही होतो, आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी तिकडे चालवलं.

आता नारळाच्या दुधाकडे वळते. दाट दूध पहिल्या पिळणीचंच हवं. ताजा नारळ खवून, कोमट पाण्याचे दोन-तीन हबके मारून मिक्सरमधून काढायचा आणि मऊ सुती फडक्यातून घट्ट पिळायचा. दुसऱ्या पिळणीचं दूध आमटीला ठेवावं. गार पदार्थात ते गेलं की नुसतं पाणी वाढतं आणि पाणी वाढलं की बर्फ वाढतो.

आंब्याचं प्रमाण माझ्या हातात असं बसलं आहे. साल किंचित सुरकुतलेल्या हापूसचा अर्धा किलो रस, 200 मिलीलीटर दाट नारळाचं दूध, 100 ग्रॅम साखर, चमचाभर लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे, पालघरबरोबर रायगडच्या हापूसलाही 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्या परसातल्या आंब्याला कमी लेखायचं काही कारण नाही. उलट या कामाला तो फार चांगला. त्याच्या गरात दोरा नसतो, पेक्टिन भरपूर असतं, आणि पेक्टिन पाण्याला धरून ठेवतं. म्हणून हापूसचा गारवा जिभेवर मलईसारखा उतरतो.

साखरेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घरोघरी पदार्थ फसतो तो इथे. हल्ली तब्येतीच्या काळजीनं साखर निम्मी केली जाते आणि मग डब्यात वीट तयार होते. इथे साखर गोडीपुरती नसते. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठतं. त्यात साखर विरघळली की ते आणखी खाली गेल्याशिवाय गोठत नाही. शिवाय गोठताना पाणी तेवढं बर्फ होऊन बाजूला पडतं, साखर मागे राहते, उरलेला पाक दाट होत जातो आणि दाट पाकाला गोठायला त्याहून जास्त थंडी लागते. घरच्या फ्रीजरमध्ये साधारण उणे 18 अंश असतात. तेवढ्या थंडीतही पाकाचा काही भाग पातळच राहतो, आणि चमचा आत शिरतो तो त्या पातळ राहिलेल्या पाकामुळे. फळातली साखर धरून एकूण वजनाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास साखर असली की पदार्थ मऊ राहतो. हापूसमध्ये मुळातच 18 ते 20 टक्के गोडी असते, म्हणून वरून थोडी पुरते. जांभळाला जास्त लागते, कोकमाला त्याहून जास्त. आणखी एक. थंडीत जिभेला गोड कमी कळतं. मिश्रण गोठवण्याआधी चाखाल तेव्हा ते जरा जास्तच गोड लागलं पाहिजे.

ज्यांना वरची साखर नकोच, त्यांनी केळ्याकडे जावं. सालीवर काळे ठिपके आलेली वेलची केळी चकत्या करून रात्रभर गोठवावीत आणि सकाळी मिक्सरमधून फिरवावीत. आधी भुगा होतो, मग गोळे होतात, आणि एकदम सगळं गुळगुळीत होतं. पिकताना केळ्यातल्या पिष्टाची साखर झालेली असते, पेक्टिन असतंच. दुसरं काहीही लागत नाही. चार करवंदं किंवा वेलचीची पूड घातली तर रंगत येते, एवढंच.

नारळाचं दूध मात्र हात राखून घालावं. त्यातली स्निग्धता म्हणजे खोबरेलच, आणि खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं. थंडीच्या दिवसांत बाटलीतलं तेल उन्हात ठेवावं लागतं, ते याचमुळे. दूध जास्त झालं तर टाळूला तुपकट थर बसतो आणि फळाची चव त्याखाली दबते. जांभळात तर मी ते घालतच नाही. जांभळाचा रंग आंबटपणावर टिकतो. नारळाच्या दुधानं आंबटपणा कमी झाला की तो जांभळा राखाडीकडे झुकतो. कोकमाची आम्लता जोरदार, तिथे भीती नाही. सोलकढीचा गुलाबी रंग सगळ्यांनी पाहिलेला आहे. आगळ, साखर आणि नारळाचं दूध यांचा गार गोळा मी करते तेव्हा त्या रंगानंच निम्मं पोट भरतं.

गोठवण्याची पद्धत सोपी, फक्त उठबस जास्त. मिश्रण स्टीलच्या पसरट डब्यात पातळ थरात ओतावं. घरचा फ्रीजर हळू गोठवतो आणि हळू गोठताना बर्फाचे कण मोठे होतात. तेच दाताखाली करकरतात. म्हणून चार-पाच तासांनी ते फोडून मिक्सरमध्ये थोडं थोडं फिरवायचं, भांडं तापू द्यायचं नाही, आणि लगेच परत फ्रीजरमध्ये. असं दोनदा केलं की कण बारीक होतात. आमच्याकडे वळवाच्या वाऱ्यावादळात वीज जाते. एकदा वितळून पुन्हा गोठलेलं कधीच तसं लागत नाही. ते पुन्हा फिरवून घ्यावं.

फ्रीज नव्हता तेव्हा काय होतं? पेणला माझ्या लहानपणी आइस्क्रीमचा लाकडी पॉट भाड्यानं आणत. मध्ये पत्र्याचा डबा, भोवती बर्फाचा चुरा आणि खडे मीठ, वर फिरवायचा दांडा. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून सायकलवरून यायची. मिठाचं तिथे काम काय, हे मला बरंच पुढे कळलं. मीठ लागलं की बर्फ वितळू लागतो, वितळायला उष्णता हवी, ती तो डब्यातल्या रसातून ओढतो. योग्य प्रमाणात मिसळलं तर बर्फ-मिठाचं हे मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत खाली जाऊ शकतं, म्हणजे आजच्या फ्रीजरच्याही खाली. असा हातानं फिरवायचा पॉट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईनं 1843 साली पेटंट केला. त्याच्या दहा वर्षं आधी, 1833 मध्ये, बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं तळ्यावरचा बर्फ भुशात घालून जहाजानं कलकत्त्याला आणला होता. पुढे तो मुंबईलाही येऊ लागला. त्याही आधी अकबराच्या दरबारात सोऱ्यानं पाणी गार करत, असं ‘ऐन-इ-अकबरी’त लिहिलेलं आहे. थंडी इतकी शतकं श्रीमंताच्या दारात राहिली. पेण-उरणच्या खाडीकाठची मिठागरं आमच्या डोळ्यांसमोर होती, मीठ कधीच महाग नव्हतं. महाग होता बर्फ.

आज अष्टमीच्या घराघरात फ्रीजर आहे आणि उन्हाळ्यात कुंडलिकेला पाणी आहे, या दोन्ही गोष्टी मी सहज म्हणून घेत नाही. मुळशीच्या धरणाचं पाणी भिऱ्याला उतरवून 1927 पासून वीज होते आणि तेच पाणी पुढे नदीत येतं, रोहा आणि अष्टमीच्या मधून वाहतं. त्या धरणापायी मावळातल्या शेतकऱ्यांची जमीन गेली, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला. गारव्याचं एक बटण दाबताना ही माणसं आठवावीत असं मला वाटतं.

बाजारातल्या डब्यांविषयी एक गोष्ट मात्र प्रत्येक आईनं नीट वाचावी. दुकानात ‘फ्रोझन डेझर्ट’ असं छापलेले कप मिळतात आणि पुष्कळांचा समज असा की त्यात दूध नाही. तसं नाही. आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे आइस्क्रीम म्हणवायला किमान 10 टक्के दुधाची स्निग्धता लागते. ‘फ्रोझन डेझर्ट’मध्ये स्निग्धता वनस्पती तेलाची असू शकते, पण दुधाची भुकटी आणि दुधातली प्रथिनं त्यात सर्रास असतात. लॅक्टोज न पचणाऱ्याचं पोट दुखेल. ज्या मुलाला दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी आहे त्याच्या जिवावर बेतू शकतं. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत घटक असतात, दूध असल्याची सूचना असते. ती वाचल्याशिवाय मुलाच्या हातात डबा देऊ नये. घरी केलेल्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं, ही त्याची सर्वांत मोठी खात्री.

पुतणीनं पहिल्यांदा जांभळाचं खाल्लं तेव्हा तिनं आधी मला विचारलं, "काकू, यात खरंच दूध नाही?" मी म्हटलं, "नाही." पुन्हा विचारलं. मग तिनं वाटी चाटूनपुसून संपवली आणि जांभळी जीभ काढून सगळ्या घराला दाखवत फिरली. आता मे महिन्यात ती मुंबईहून येते ती जांभळांच्या बिया काढायला बसायच्या तयारीनं. बोटं आठवडाभर रंगलेली राहतात.

त्या जांभळांविषयी आणि करवंदांविषयी बोलल्याशिवाय मला थांबता येत नाही. ही फळं आणतात कातकरी आणि ठाकर बायका. उजाडायच्या आत डोंगर चढायचा, काट्यांतून करवंदं खुडायची, चिकानं हात चिकट होतात, आणि ऊन तापायच्या आत पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. पानांवर वाटे लावून त्या रस्त्याच्या कडेला बसतात. आपण गाडीतून उतरतो आणि पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. दुकानातल्या कपाच्या किमतीवर कुणी हुज्जत घालताना मला दिसलेलं नाही. दुपार कलली की तीच फळं मऊ पडतात, वाट्याचा भाव उतरतो, उरलेलं फेकलं जातं. गोठवण्याच्या पदार्थाला नेमकी ही मऊ पडलेली, पुरती पिकलेली फळंच उत्तम. मी संध्याकाळी जाते आणि सकाळच्या भावानं उरलेली सगळी पाटी घेते. करवंदं थोड्या पाण्यात एक उकळी देऊन गाळली की बिया आणि चीक दोन्ही मागे राहतात. जांभळाच्या गराला लिंबू आणि मीठ लावलं की जीभ ओढणारा तुरटपणा निवतो. हे करायला कुठलं खास यंत्र लागत नाही, परदेशी बाटलीबंद बदामाचं दूध तर मुळीच लागत नाही. रायगडच्या डोंगरात पुरेसं आहे.

म्हणून माझी यजमानांना हात जोडून विनंती आहे. यंदा मे महिन्यात तुमच्या घरी लग्न असो, मुंज असो की सत्यनारायण, आइस्क्रीमची ऑर्डर द्याल तेव्हा दुधावाचूनचा एक डबा घरी लावा. आंब्याचा, जांभळाचा, कोकमाचा, जे दारात असेल त्याचा. त्याचा चमचा वेगळा ठेवा, दुधाच्या डब्यातला त्यात जाऊ देऊ नका. पंगत उठायच्या आधी ‘दूध कुणाला चालत नाही?’ असं मोठ्यानं विचारा, आणि ज्यांचा हात वर होईल त्यांना सगळ्यांत आधी वाढा.